तेच शिक्षक, तेच साहित्य, निराळा तास : शिक्षक-प्रशिक्षणाचे एक प्रकरण

२००८ च्या जून महिन्यात बिहारच्या ग्रामीण भागात, उन्हाळ्याची सुट्टी असतानाही, सरकारी शाळांच्या इमारतींत महिनाभर वर्ग भरले. वाचनात आणि हिशेबात मागे पडलेल्या मुलांसाठीचे ते शिबिर होते. शिकवणारे शिक्षक सरकारी सेवेतलेच होते. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेने त्यांना अध्यापनाची पद्धत समजावून दिली, साहित्य पुरवले आणि वर्गात हाताशी स्वयंसेवक दिले, तर सुट्टीतल्या कामाचा वेगळा मोबदला सरकारने दिला. शिबिरानंतर मुलांची चाचणी घेतली तेव्हा भाषा आणि गणित या दोन्हींत स्पष्ट प्रगती आढळली. पुढे नियमित शाळा सुरू झाल्या. त्याच पद्धतीचे प्रशिक्षण आणि तेच साहित्य घेऊन सरकारी शिक्षक आपापल्या वर्गांवर गेले, आणि दोन शैक्षणिक वर्षांनंतर त्यांच्या शाळांतील मुले, ज्या शाळांना काहीच मिळाले नव्हते तेथील मुलांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत.

या विसंगतीभोवती हे प्रकरण फिरते. शिक्षकांना पद्धत जमत नव्हती असे म्हणावे, तर जूनमध्ये सरकारी शिक्षकांनीच ती वापरून मुले पुढे नेली होती. साहित्य कुचकामी होते असे म्हणावे, तर शिबिरात तेच साहित्य कामाला आले होते. सुट्टीत शिकवायला तयार झालेले शिक्षक मुळातच अधिक उत्साही असतील, शिवाय त्यांना मोबदला आणि मदतनीस मिळाले होते, ही शंका रास्त आहे आणि ती पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. तरीही शिक्षकांच्या कामचुकारपणाचे जे स्पष्टीकरण अशा वेळी कोणत्याही बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत पुढे येते, ते येथे पुरत नाही. पुढे काय घडले हे पाहिल्यावर तर ते आणखीच अपुरे वाटते.

प्रकरणाची मुळे मुंबईत आहेत. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने महापालिकेच्या शाळांतून ‘बालसखी’ हा कार्यक्रम चालवला होता. वस्तीतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली एक तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच दररोज सुमारे दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन व गणित शिकवत असे. मुंबई आणि वडोदरा येथे या कार्यक्रमाचे मूल्यमापन झाले. शाळांची निवड यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे जवळपास चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, केली होती. दुसऱ्या वर्षाअखेरीस बालसखी असलेल्या शाळांतील सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत ते सांगणाऱ्या मापाने) वाढलेले आढळले. वाढ झाली ती प्रामुख्याने बालसखीकडे बसणाऱ्या मुलांची. त्या वेळात मूळ वर्गात उरलेल्या मुलांना कमी गर्दीचा वर्ग आणि प्रशिक्षित शिक्षक मिळूनही फारसा लाभ झाला नाही. हा तपशील सहसा सांगितला जात नाही, पण वर्ग लहान झाला तरी शिकवण्याची रीत तीच राहिली तर काय होते, हे त्यातून दिसते.

पद्धत दिसायला साधी आहे. शिक्षक मुलाला जवळ बसवतात आणि एक कागद समोर ठेवतात. त्यावर एका चौकटीत सुटी अक्षरे, दुसरीत सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल उताऱ्यावर अडखळले तर शब्द दाखवायचे, शब्दही येत नसतील तर अक्षरे. उतारा सहज वाचला तर गोष्ट पुढे करायची. एका मुलाला काही मिनिटे पुरतात आणि निकाल एका शब्दात मिळतो : अक्षर, शब्द, उतारा किंवा गोष्ट. मुलांचे वाचन-गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणामुळे २००५ पासून हा कागद देशभर परिचित झाला आहे. त्यानंतर इयत्ता विसरून मुलांचे या पातळ्यांप्रमाणे गट करायचे आणि गटाला साजेसे काम द्यायचे. अक्षर गटात बाराखडीचा तक्ता एका सुरात वाचला जातो, फरशीवर खडूने लिहिलेल्या अक्षरांवर मुले उड्या मारतात. गोष्टीच्या गटात गोष्ट ओळीवर बोट फिरवत वाचायची, तिच्यावर बोलायचे आणि मग आपल्या मनाने लिहायचे. दर काही आठवड्यांनी पुन्हा तोच कागद समोर येतो आणि मुले वरच्या गटात सरकतात. पद्धतीचा कणा गटांची ही फेररचना आहे. तक्ते, कार्डे आणि गोष्टींची पुस्तके तिच्या सोयीसाठी आहेत.

‘रीड इंडिया’ या मोहिमेतून ही पद्धत २००७ पासून अनेक राज्यांत गेली. ती सरकारी व्यवस्थेच्या आत कितपत तग धरते हे तपासण्यासाठी २००८ ते २०१० या काळात बिहार आणि उत्तराखंडमध्ये अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी, एस्थर डफ्लो, हरिणी कन्नन, शोभिनी मुखर्जी, मार्क शॉटलँड आणि मायकल वॉल्टन या संशोधकांनी या आणि नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१६ मध्ये एकत्र मांडले. बिहारमध्ये काही शाळांना केवळ साहित्य मिळाले, काहींना साहित्य आणि शिक्षकांचे प्रशिक्षण, काहींना या दोन्हींबरोबर गावातले स्वयंसेवकही मिळाले, आणि तुलनेसाठी काही शाळा जशा होत्या तशा ठेवल्या गेल्या. साहित्याचा स्वतंत्र परिणाम दिसला नाही. साहित्य आणि प्रशिक्षण मिळूनही परिणाम दिसला नाही. स्वयंसेवक आले तेव्हा मात्र मुलांच्या शिकण्यात दखल घ्यावी अशी वाढ झाली.

एवढ्यावरून स्वयंसेवक सरकारी शिक्षकापेक्षा सरस ठरतो, असा सोयीचा निष्कर्ष काढता आला असता. उत्तराखंडने तो रोखला. तेथेही साहित्य, प्रशिक्षण आणि स्वयंसेवक असे तिन्ही दिले होते, पण परिणाम शून्य आला. फरक स्वयंसेवकाच्या जागेत होता. बिहारमधले स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर, गावात, मुलांना पातळीप्रमाणे घेऊन बसत. उत्तराखंडमधले शाळेच्या आत काम करत, आणि शाळेने त्यांना सहज आपल्यात सामावून घेतले. कोणी रजेवर असेल तर तो वर्ग सांभाळ, इकडे पाठ्यपुस्तकाचा धडा पुढे ने, असे करता करता स्वयंसेवक म्हणजे आणखी एक मदतनीस शिक्षक झाला. ज्याने शाळेत कधी नव्या उपक्रमाचा माणूस आलेला पाहिला आहे त्याला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. शाळेची घडी इतकी पक्की असते की आत येणाऱ्या नव्या गोष्टीला ती मोडत नाही. आपल्याच कामाला जुंपून घेते.

प्रशिक्षित शिक्षकांच्या बाबतीतही नेमके हेच झाले होते. साहित्य कपाटात कुलूपबंद राहिले, अशी ही गोष्ट नव्हे. शिक्षकांशी झालेल्या बोलण्यात साहित्याला आणि पद्धतीला विरोध नव्हता. उलट ते आवडले होते. कार्डे, तक्ते, पुस्तके थोडीफार वर्गात आलीही. आले नाही ते गट करणे. चौथीचा वर्ग चौथीचाच राहिला आणि त्याच्यासमोर चौथीच्या पुस्तकाचा धडा चालू राहिला, मध्येच एखादा तक्ता भिंतीवर लागला. कारण म्हणून जे पुढे आले ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाच्या तोंडी शोभावे असे होते : अभ्यासक्रम पूर्ण करायचा आहे. शिक्षक, मुख्याध्यापक आणि अधिकारी या तिघांनाही शाळेचे पहिले काम पोर्शन संपवणे हेच वाटत होते, आणि मागे पडलेल्यांसाठी वेगळा वेळ देणे ही त्यातून उरलेल्या वेळात करायची चांगली गोष्ट होती. असा वेळ कधीच उरत नाही.

या समजुतीला शिक्षकांचा हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावा असे एक कर्तव्य आहे, आणि त्याच्या लगेच खालच्या खंडात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे पूरक अध्यापन करावे असे दुसरे. पहिल्याची तपासणी टाचणवहीवरून (शिक्षकाच्या पाठनियोजनाच्या वहीवरून), घटकचाचण्यांवरून आणि भेटीला आलेल्या साहेबांच्या एका प्रश्नावरून होते. दुसऱ्याची तपासणी कशी व्हावी याची रुळलेली रीत नव्हती. दोन कर्तव्यांपैकी एकाचाच हिशेब मागितला जात असेल तर समजूतदार माणूस कोणते पुरे करील, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. जूनमधल्या शिबिरात हा पेच नव्हता. तेथे पोर्शन नव्हता, इयत्ता नव्हती, टाचण नव्हते. करण्यासारखी एकच गोष्ट होती आणि शिक्षकांनी ती केली.

पुढचा टप्पा हरियाणात, २०१२-१३ च्या शैक्षणिक वर्षात झाला. महेंद्रगड आणि कुरुक्षेत्र या दोन जिल्ह्यांतील ४०० प्राथमिक शाळा अभ्यासात होत्या. येथे कार्यक्रम राज्य सरकारचा म्हणून राबवला गेला. विषय एकच घेतला, हिंदी. बिहारमध्ये जे शिक्षकाच्या मर्जीवर सोडले होते ते येथे वेळापत्रकात बसवले, हा या टप्प्यातला कळीचा निर्णय होता. हरियाणाने आदल्या वर्षापासून सगळ्याच शाळांचा दिवस एका तासाने वाढवला होता. तुलनेसाठी ठेवलेल्या शाळांत हा तास नेहमीच्या शिकवण्यात विरून गेला. कार्यक्रमाच्या शाळांत तो फक्त या कामासाठी राखला. जादा वेळ दोन्हीकडे सारखा असल्याने पुढचा फरक केवळ एका तासाच्या वाढीने पडला असे म्हणता येत नाही, आणि प्रयोगाच्या रचनेतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्या तासात काय होत असे हे नीट पाहण्याजोगे आहे. तास सुरू झाला की तिसरी, चौथी आणि पाचवीची मुले आपला वर्ग सोडून उठत आणि आपापल्या पातळीच्या खोलीत जात. कोण कोणत्या गटात, हे आधीच्या चाचणीने ठरलेले असे; कोणता गट कोणते शिक्षक घेणार हेही ठरलेले असे. पाचवीचा एखादा उंच मुलगा तिसरीतल्या मुलींशेजारी शब्दगटात बसे. हे पाहून मुलाला कमीपणा वाटणार नाही का, हा प्रश्न मनात येतो आणि तो हलका मानू नये. मात्र एरवी तोच मुलगा दिवसभर, न वाचता येणाऱ्या पुस्तकासमोर, त्याच वर्गात मुकाट बसलेला असतो, हेही त्याच तराजूत टाकावे लागते. प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मुले खोली बदलून आल्यावर शिक्षकाला गट करू की नको हे ठरवावेच लागत नसे. समोर अक्षर ओळखू न शकणारी पंचवीस मुले बसलेली असताना पाचवीचा धडा उघडणे अवघड होते. त्या तासात बहुतेक शिक्षकांनी गटानुसार शिकवले, असे निरीक्षणांतून दिसले.

दुसरा बदल देखरेख करणाऱ्यांमध्ये होता. शाळांना भेटी देऊन शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या आपल्याकडच्या केंद्रप्रमुख आणि साधनव्यक्तींच्या जवळ जाणारे जे कर्मचारी हरियाणात तालुक्यासारख्या प्रशासकीय गटाच्या पातळीवर होते, त्यांना ‘प्रथम’ने चार दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि त्यानंतर स्वतः शाळेत उभे राहून ही पद्धत मुलांवर वापरायला लावली. मगच त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि पुढे त्याच शाळांना भेटी दिल्या. राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून केंद्रात असे झिरपत येणारे प्रशिक्षण आपल्याला सवयीचे आहे, आणि प्रत्येक पायरीवर त्यातले काय गळते हेही. गट साधन केंद्राच्या सभागृहात सुलभक ज्या गोष्टीबद्दल बोलत असतात ती त्यांनी स्वतः मुलांबरोबर करून पाहिलेली नसेल, तर समोरच्या शिक्षकांना ते पहिल्या चहाआधीच कळते. हरियाणातल्या साधनव्यक्तींना अक्षरगटातले मूल कोठे अडते हे ठाऊक होते, म्हणून भेटीच्या वेळी त्यांच्याकडे रजिस्टर तपासण्यापलीकडे बोलण्यासारखे काही होते.

वर्षाअखेरीस कार्यक्रमाच्या शाळांत हिंदीचे गुण ०.१५ प्रमाण विचलनाने वाढलेले आढळले. आकडा डोळे दिपवणारा नाही. तो शाळेतल्या सगळ्या मुलांच्या सरासरीचा आहे, ज्यांना आधीच वाचता येत होते त्यांच्यासह; तरीही वाचता न येणारी बरीच मुले त्यानंतरही उरली. शेजारच्या उत्तर प्रदेशात, उन्नाव आणि सीतापूर जिल्ह्यांत, २०१३-१४ मध्ये ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी शाळेच्याच वेळात दहा आणि वीस दिवसांची शिबिरे फेऱ्याफेऱ्यांनी घेतली, तेव्हा भाषेतली वाढ ०.७ प्रमाण विचलनांपर्यंत गेली. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की हरियाणातला फिका दिसतो. पण उत्तर प्रदेशात शिकवण्याची धुरा बाहेरच्या माणसांकडे होती, आणि हरियाणात नेहमीच्या पगारावरच्या नेहमीच्या शिक्षकांकडे. सरकारी शिक्षक प्रशिक्षणाने बदलतो का, हा प्रश्न असेल तर बिहारमधल्या शून्याशेजारी ठेवण्याचा आकडा हरियाणाचा आहे.

हरियाणात याच शाळांत आणखी एक चाचणी चालू होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही. काही शाळांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे प्रशिक्षण दिले होते, काहींना वाचनाचा वर सांगितलेला कार्यक्रम, काहींना दोन्ही, आणि काहींना काहीच नाही. मूल्यमापनाच्या प्रशिक्षणाचा मुलांच्या गुणांवर परिणाम आढळला नाही, आणि दोन्ही एकत्र मिळालेल्या शाळांनाही केवळ वाचन कार्यक्रमाच्या शाळांपेक्षा अधिक काही मिळाले नाही. महाराष्ट्रात ही मूल्यमापन पद्धत २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आली. आकारिक (वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राअखेरचे) हे शब्द तेव्हापासून शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, आणि वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवरून फिरतात त्याही तेव्हाच्याच प्रथेच्या पोटातून आलेल्या आहेत. मूल कोठे आहे हे शिक्षकाने टिपावे, ही कल्पना दोन्ही कार्यक्रमांत होती. एकात टिपलेले कळताच मुलाची खोली बदलत असे. दुसऱ्यात ते नोंदवहीत जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूल त्याच बाकावर, त्याच धड्यासमोर बसलेले असे. दुसऱ्या कार्यक्रमातल्या शिक्षकांनी कष्ट कमी केले नव्हते, बहुधा लिहिण्याचे कष्ट जास्तच केले असतील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, आणि ‘दीक्षा’सारख्या ऑनलाइन मंचांमुळे ते तास मोजणे आता सोपे झाले आहे. या प्रकरणाच्या उजेडात पाहिले तर बिहारमधल्या शिक्षकांचे तासही कागदोपत्री भरलेच होते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रशिक्षणाचा आढावा घेताना किती जण हजर होते आणि किती जणांनी प्रमाणपत्र मिळवले हे विचारले जाते. प्रशिक्षणानंतर शाळेच्या वेळापत्रकातली कोणती तासिका बदलली, हे विचारले तर अनेक प्रशिक्षणांच्या बाबतीत उत्तर एकही नाही असे येईल, आणि ते उत्तर शिक्षकांचे नसून वेळापत्रक ठरवणाऱ्यांचे असेल.

अर्थात शिक्षकाचा विवेक काढून घेऊन पद्धत वेळापत्रकात ठोकून बसवणे हेच उत्तर, असे हरियाणावरून ठरवणे घाईचे होईल. अक्षर आणि शब्द ओळखण्यासाठी जे चालले ते उतारा समजून घेण्यासाठी, वाद घालण्यासाठी, निबंधासाठी चालेलच असे नाही. तेथे शिक्षकाचा स्वतःचा निर्णय लागतो आणि तो एका तासाच्या आज्ञेतून येत नाही. हरियाणात याची एक खूण मिळते. कार्यक्रम फक्त हिंदीसाठी होता, पण मुलांच्या चाचण्या गणितातही घेतल्या होत्या. शाळा त्याच होत्या, मुले तीच होती, मूल कोठे अडले आहे ते पाहून तेथून शिकवावे हा विचार शिक्षक वर्षभर रोज एक तास हाताळत होते, आणि तरीही गणिताचे गुण जागचे हलले नाहीत. हिंदीचा तास संपल्याची घंटा झाली की मुले उठून आपापल्या इयत्तेच्या खोलीत परत जात होती.